पंधरा मिनिटांत आटपा: पहिल्या ऑस्करची संध्याकाळ आपल्या गच्चीवर कशी करायची

पुरस्कार वाटायला पंधरा मिनिटं. त्याच्या वर एक मिनिट नाही. हे जमणारच नाही असं ज्यांना आत्ताच वाटतंय, त्यांनी पुढचं वाचण्यात वेळ घालवू नये. नेहमीसारखा सत्कार समारंभ ठेवावा, मंडप आमच्याकडूनच न्यावा.

आमचा नागपूरच्या महाल भागात मंडप, साउंड आणि लाइटचा धंदा आहे, सासऱ्यांपासूनचा. मंडप आणि माणसं हे बघतात, बुकिंग आणि साउंडचं टेबल माझ्याकडं. त्यामुळे नागपुरातले गौरव सोहळे मी मिक्सरच्या मागं बसून जेवढे पाहिलेत, तेवढे कायमच्या प्रमुख पाहुण्यांनीही पाहिले नसतील. समईची वात वाऱ्यानं विझते, मग पंखे बंद करा, मग पुन्हा काडी. स्वागतगीत. प्रास्ताविक. शाल घातली की फोटोग्राफर म्हणतो, "सर, इकडं बघा," म्हणून तीच शाल काढून पुन्हा घालायची. शेवटी आभार मानणारे गृहस्थ म्हणतात, "मी आपला फार वेळ घेणार नाही," आणि माइकचा स्टँड आपल्या उंचीला लावून घेतात. तेवढ्यात आमची पोरं चहा पिऊन येतात.

असं आयुष्य गेल्यावर १९२९ सालचा तो पहिला ऑस्कर सोहळा माझ्या वाचनात आला, तर मी प्रेमात पडणार नाही तर काय! १६ मे १९२९, गुरुवार. लॉस एंजेलिसमध्ये हॉलिवुड बुलेव्हारवरचं रूझवेल्ट हॉटेल, त्यातली ब्लॉसम रूम. साधारण २७० माणसं, पाहुण्यांना तिकीट पाच डॉलर. आधी जेवण, मग पुरस्कार. हे पुरस्कार देणाऱ्या अकादमीचे अध्यक्ष होते डग्लस फेअरबँक्स, मूकपटांतले उड्या मारणारे, तलवार चालवणारे नायक. त्यांनीच बक्षिसं वाटली, हाताशी दिग्दर्शक विल्यम सी. डेमिल. पंधरा मिनिटांत खेळ खलास. रेडिओवर काही नाही, ते १९३० पासून सुरू झालं. पाकीट फोडून नाव वाचायची पद्धत १९४१ ची, तीही नव्हती. निकाल फेब्रुवारीतच जाहीर झालेले. म्हणजे तीन महिने आधीपासून सगळ्यांना माहीत होतं कोणाला काय मिळणार, आणि तरी माणसं नटूनथटून आली.

ही संध्याकाळ आम्ही आमच्या अपार्टमेंटच्या गच्चीवर करतो. तुमच्या सोसायटीत, वाचनालयात, महिला मंडळात कशी करायची ते सांगते. पैसा फार लागत नाही. शिस्त लागते.

तारीख आणि ऊन

१६ मेची नागपूरची दुपार काय असते ते मी नागपूरकरांना सांगायला नको. पारा ४४-४५ ला टेकलेला, व्हेरायटी चौकात सिग्नलला माणसं झाडाच्या सावलीत गाडी थांबवतात, पांढऱ्या पट्ट्यापर्यंत कोणी जात नाही. तरी तारीख बदलू नका. परीक्षा आटोपलेल्या असतात, पोट्टे घरी असतात, माहेरवाशिणी आलेल्या असतात. तारीख तीच ठेवा, वेळ सूर्य मावळल्यानंतरची घ्या. पावणेसातच्या सुमारास सूर्य बुडतो, पण पडद्यावर चित्र धड दिसायला साडेसात होतात. त्याआधी प्रोजेक्टर लावून "दिसत नाही, दिसत नाही" करत बसू नका.

धंद्यातली एक गोष्ट आधी सांगून टाकते. मे म्हणजे लग्नसराई. कॅलेंडरात आधी मुहूर्त बघा. १६ ला दाट तिथी असेल तर गावात खुर्ची मिळत नाही, स्क्रीन तर सोडाच. तसं असेल तर महिनाभर आधी सामान सांगून ठेवा. तिथी नसेल तर आठवडाभर आधी सांगितलं तरी चालतं आणि भावातही घासाघीस करता येते. हे आमच्या ह्यांना सांगू नका.

गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो. पाच वाजता पाणी मारा. पहिलं पाणी नुसती वाफ होऊन जातं, ती वाफ तोंडावर येते, घाबरू नका. सव्वासहाला पुन्हा मारा, तेव्हा कुठं पाय ठेवता येतो. सतरंजी त्याच्यानंतरच टाका. आधी टाकली तर खालून ओली आणि वरून गरम, असं दोन्हीकडून फसतं.

कूलर दोन लागतील. इथं मूकपटाचा मोठा फायदा आहे. बोलपट लावला की कूलरची घरघर आणि संवाद यांची मारामारी, मग आवाज वाढवा, मग शेजारच्या बिल्डिंगमधून फोन. मूकपटाला कूलर कितीही घरघरो. फक्त कूलरचं तोंड पडद्याकडं नको, पडदा फडफडला की पडद्यावरच्या बाईचं नाक हलतं. प्रोजेक्टरकडंही नको, ती हवा ओली असते. बहुतेक प्रोजेक्टर ३५ ते ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालायला बनवलेले असतात, आणि आपल्याकडं रात्री आठलाही कधी कधी तेवढं असतं. म्हणून प्रोजेक्टर स्लॅबवर किंवा पत्र्याच्या टेबलावर ठेवायचा नाही. लाकडी स्टूल घ्या, बाजूला साधा टेबलफॅन लावा, मागची जाळी मोकळी ठेवा. अध्येमध्ये कोणी हौसेनं त्याच्यावर रुमाल टाकतो, त्याच्यावर नजर ठेवा.

विजेचं म्हणाल तर प्रोजेक्टरला वेगळी लाइन द्या. कूलरच्याच बोर्डावर लावला, तर मोटर चालू होताना व्होल्टेज पडतं आणि ऐन रंगात चित्र गुल. मध्ये यूपीएस असला म्हणजे निवांत. अर्थिंग तपासून घ्या. ओली गच्ची, अनवाणी पोरं आणि उघडे जॉइंट हे तिन्ही एकत्र आले की मी स्वतः कार्यक्रम बंद करायला लावते, मग समोर कोणी का असेना.

पडदा

तेव्हाचा चित्रपट आजच्यासारखा लांबोडका नव्हता. चार रुंद, तीन उंच असं त्याचं माप. म्हणून स्क्रीन आठ बाय सहाची मागा, ती बरोबर त्याच मापाची आहे. प्रोजेक्टरच्या सेटिंगमध्येही चार-तीन निवडा. हे केलं नाही की चित्र आडवं ताणलं जातं आणि नायिका सुजल्यासारखी दिसते. लोकांना वाटतं जुना सिनेमा असाच असतो. असा नसतो.

लोखंडी पाइपच्या चौकटीला पडदा चारही बाजूंनी बांधा, पण दोरी अगदी तंग नको. मेमध्ये संध्याकाळी अचानक वावधन सुटतं. तंग बांधलेला पडदा शीड होतो आणि चौकट घेऊन जातो. खालच्या बाजूच्या गाठी सैल, सरकफासाच्या ठेवा आणि दोन मोठी पोरं चौकटीजवळ बसवा. त्यांना सांगून ठेवा, वारा आला की आधी खालच्या गाठी सोडायच्या. चौकटीच्या पायांवर वाळूची पोती.

कोण कोण होणार

आता माणसं. बारा विभागांचे पुरस्कार होते आणि दोन विशेष, म्हणजे चौदा. पंधरा मिनिटांत चौदा, एकाला मिनिटभर. त्या विजेत्यांच्या तेवढ्या भूमिका आपल्या माणसांत वाटायच्या आहेत, आणि भांडणं इथंच लागतात.

अकादमीनं पहिल्या वर्षी शेवटचा निवाडा पाच जणांवर सोपवला होता. नट, दिग्दर्शक, निर्माते, तंत्रज्ञ आणि लेखक या पाच शाखांमधला एकेक. तुम्हीही पाचच माणसं घ्या आणि त्यांत सोसायटीचे अध्यक्ष नकोत. ग्रुपवर मतदान तर अजिबात घेऊ नका. रात्री बारापर्यंत अंगठे आणि सकाळी रुसवे. पाच जणांनी बसून ठरवायचं आणि आठ दिवस आधी यादी लिफ्टजवळ लावून टाकायची. आधी कळलं की ज्याला राग यायचा त्याला घरात येतो, गच्चीवर येईपर्यंत तो निवलेला असतो. त्या दिवशी धडधड नसते, तोंड पाडणं नसतं, नाव पुकारल्यावर "अगं बाई, मी?" असा अभिनयही करावा लागत नाही.

एमिल यानिंग्ज हा सर्वोत्तम अभिनेता ठरला होता, पण सोहळ्याआधीच तो जर्मनीला परत निघाला. त्याला पुतळा आधीच देऊन टाकला. म्हणजे इतिहासातला सगळ्यात पहिला ऑस्कर सोहळ्याच्या बाहेरच दिला गेला. ही भूमिका अशा माणसाला द्या, ज्याला त्याच दिवशी गावाला जायचं आहे. आमच्याकडं तिसऱ्या मजल्यावरच्या भाऊंना विदर्भ एक्स्प्रेस पकडायची होती. त्यांना खाली ऑटोत बसतानाच पुरस्कार दिला, पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या, ऑटोवाल्यानं विचारलं, "काय जी, निवडून आले का?" संध्याकाळी फक्त त्यांची खुर्ची रिकामी ठेवली. निवेदन करणाऱ्यानं एवढंच सांगायचं: यानिंग्जला दोन चित्रपटांसाठी मिळून पुरस्कार होता, त्यांतला एक आज पूर्ण स्वरूपात कुठं उरलेला नाही, काही तुकडे तेवढे आहेत.

चॅप्लिन सगळ्यांनाच व्हायचं असतं. मिशी, काठी, टोपी, सोपं काम. यावरही इतिहासानंच तोडगा दिलाय. 'द सर्कस' या चित्रपटासाठी त्याला आधी स्पर्धेत धरलं होतं, मग स्पर्धेतून काढून लेखन, अभिनय, दिग्दर्शन आणि निर्मिती या सगळ्यासाठी मिळून विशेष पुरस्कार दिला, आणि तो काही सोहळ्याला आला नाही. तेव्हा जितक्या पोरांना चॅप्लिन व्हायचंय तितक्यांना होऊ द्या. नाव पुकारायचं, टाळ्या वाजवायच्या, मंचावर कोणीच जायचं नाही. गच्चीभर चॅप्लिन बसलेले असतात आणि पुरस्कार टेबलावर एकटा. हशा हमखास.

जॅनेट गेनरची भूमिका मात्र विचार करून द्या. ती तेव्हा बावीस वर्षांची होती. तीन चित्रपटांतल्या कामांसाठी मिळून सर्वोत्तम अभिनेत्रीचा एक पुरस्कार तिला मिळाला, आणि त्या रात्रीच्या सगळ्या विजेत्यांमध्ये ती एकटी बाई होती. माझं ठाम मत आहे की ही भूमिका सोसायटीतल्या सगळ्यात गोऱ्यागोमट्या मुलीला द्यायची नाही. जिनं यंदा काहीतरी मेहनतीनं केलंय तिला द्या. आमच्याकडं सीएची एक पायरी पार केलेली पोरगी होती, तिच्या आजीनं नऊवारीत येऊन पहिल्या रांगेत जागा धरली.

बाकीची नावं पटापट घ्या. नाट्यमय चित्रपटाचे दिग्दर्शक फ्रँक बोरझेगी, विनोदी चित्रपटाचे लुइस माइलस्टोन. विनोदी दिग्दर्शनाचा वेगळा पुरस्कार तेवढ्या एकाच वर्षी होता. कथेसाठी बेन हेक्ट, रूपांतरासाठी बेंजामिन ग्लेझर. छायाचित्रणाला दोघं, चार्ल्स रोशर आणि कार्ल स्ट्रस, म्हणून इथं नवरा-बायकोची जोडी पाठवली तरी शोभते. कलादिग्दर्शन विल्यम कॅमरन मेंझीस. 'विंग्ज' या विमानयुद्धाच्या चित्रपटातल्या करामतींसाठी रॉय पोमेरॉय. हा पुरस्कार मी आमच्या लाइनमनला देते, दरवर्षी तोच. मोठे पुरस्कार दोन: उत्कृष्ट चित्रपट 'विंग्ज' आणि वेगळेपणा व कलात्मकतेसाठी 'सनराइज'. दुसरा प्रकार पुढच्याच वर्षी बंद झाला. शेवटचा विशेष पुरस्कार वॉर्नर ब्रदर्सला, 'द जॅझ सिंगर' या बोलत्या-गात्या चित्रपटासाठी. मूकपटांच्या पंगतीत बोलपट बसवणं बरोबर नाही म्हणून त्याला स्पर्धेबाहेर ठेवलं होतं.

राहिला जोसेफ फार्नहॅम. मूकपटात मध्ये मध्ये येणाऱ्या मजकुराच्या पाट्या लिहिण्यासाठी त्याला पुरस्कार मिळाला. तो पुरस्कार पुन्हा कधी दिला गेला नाही, कारण पाट्याच राहिल्या नाहीत. त्याच्याकडं आपण परत येऊ.

भाषण कोणीही करायचं नाही. नाव, एक वाक्य, पुरस्कार, खाली. आणि मिक्सरवर बसलेल्या माणसाच्या हातात अधिकार द्या: कोणी "दोन शब्द" म्हणाला की माइक बंद. बटण कुठलं ते मी दाखवून देईन.

लाल गालिचा घालू नका. आमच्याकडं भाड्यानं आहे, तरी सांगते. ऑस्करला लाल गालिचा आला १९६१ मध्ये. कपड्यांचंही तसंच. मेच्या उकाड्यात भाड्याचे सूट आणि चमकीचे गाउन घालून कोणाला चक्कर आणायचीय? १९२९ मध्ये आपलं नागपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं. कोट-टोपी, धोतर, पांढरा सुती सदरा, नऊवारी, इरकली. पेटीतून काढा, वाऱ्यावर टाका, घाला.

पुतळा

खरा पुतळा साडेतेरा इंच उंच आणि पावणेचार किलोच्या थोडा पुढं. हातात तलवार धरलेला योद्धा फिल्मच्या रिळावर उभा, रिळाला पाच आरे, आधी सांगितलेल्या पाच शाखांचे. आराखडा सेड्रिक गिबन्सचा, घडवला जॉर्ज स्टॅनलीनं. त्याची नक्कल करू नका. अकादमी त्या आकृतीच्या हक्काबाबत फार कडक आहे, आणि बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या सोनेरी बाहुल्या दिसतातही भिकार.

इतवारीत भांडे ओळीत जा, पितळी गडवे घ्या आणि नावं घालून घ्या. लग्नातल्या भांड्यांवर घालतात तशीच: वर माणसाचं नाव, खाली "१६ मे" आणि साल. नावं घालणारा कारागीर लग्नसराईत कामात बुडालेला असतो, म्हणून यादी लिफ्टजवळ लागली की दुसऱ्याच दिवशी जा. आणि नावं कागदावर स्पष्ट लिहून न्या. त्याला तोंडी सांगितलं तर बोरझेगीचं बोरगे होतं. पाणी प्यायला कामाला येईल असं बक्षीस असलं की ते शोकेसमध्ये धूळ खात नाही.

एक गडवा जास्तीचा घ्या. त्यात वाळू भरा, किराणा दुकानात तोलून पावणेचार किलोच्या वर न्या, तोंडाला कापड बांधा आणि गच्चीच्या दारात ठेवा. येणाऱ्या प्रत्येकानं तो एका हातानं उचलून डोक्याच्या वर धरायचा, टीव्हीवर धरतात तसा. पहिल्या दहा सेकंदांत सगळे हसतात, विसाव्या सेकंदाला दंड थरथरायला लागतो.

कोणता चित्रपट

वेळेचा हिशेब उलटा करा. रात्री दहानंतर लाउडस्पीकर नाही, हा नियम आहे आणि तो पाळायचा आहे. आवाज बारीक असला तरी जवळच्या पोलीस ठाण्यात अर्ज देऊन ठेवा. पुरस्कार साडेसातला सुरू, पावणेआठला संपले. आठला चित्रपट. 'विंग्ज' जवळजवळ अडीच तासांचा आहे, तो बसत नाही. 'सनराइज' दीड तासाच्या थोडा वर, तो बसतो. 'द सर्कस' सव्वा तासाच्या आत, पोरं जास्त असतील तर तो घ्या. त्यात चॅप्लिन दोरीवरून चालतोय आणि माकडं त्याच्या अंगावर चढतात, तेव्हा गच्चीवर काय गोंधळ होतो तो बघण्यासारखा असतो.

हक्कांचं थोडं बघून घ्या. आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं असतो, त्यामुळे १९२७-२८ चे मूळ चित्रपट आता मोकळे आहेत. पण त्यांना नंतर दिलेलं संगीत मोकळं असेलच असं नाही. चॅप्लिननं कितीतरी वर्षांनी 'द सर्कस'ला स्वतः नवं संगीत आणि सुरुवातीचं गाणं दिलं. ते असलेली प्रत सार्वजनिक कार्यक्रमात तशीच लावू नका. आवाज बंद करा आणि पेटी-तबला बसवा. आपल्याकडं मूकपटांच्या काळात थिएटरात पडद्याजवळ पेटी-तबलाच असायचा, त्यामुळे ते परकं वाटत नाही. पेटीवाल्याला एकच अट घाला: ओळखीचं गाणं वाजवायचं नाही. एकदा का ओळखीची चाल आली की बायका गाणं म्हणायला लागतात आणि सिंहाच्या पिंजऱ्यातला चॅप्लिन कोणी बघत नाही. नुसते राग, तुकडे, पळापळीला द्रुत लग्गी. आणि त्याला आधी एकदा चित्रपट बघायला लावा.

'सनराइज'चं वेगळं आहे. तो निघाला तेव्हाच फॉक्स या चित्रपट कंपनीच्या यंत्रणेवर संगीत आणि काही आवाज चित्रासोबत मुद्रित करून निघाला होता. त्याचं मूळ संगीत ठेवा. माझी निवड विचाराल तर हाच. एफ. डब्ल्यू. मुर्नाऊचा चित्रपट, शेतकरी, त्याची बायको आणि शहरातून आलेली बाई. नवरा बायकोला होडीतून न्यायला निघतो आणि त्याच्या मनात काय आहे ते आपल्याला माहीत असतं. आमच्या गच्चीवर तेव्हा मागून आवाज आला, "अवं माय, हा तिला बुडवायला नेऊन राहिला अन् हिला समजूनच नाही राहिलं!" संवाद नाहीत म्हणून गच्ची गप्प बसेल असं समजू नका. उलट मूकपटाला बायका जास्त बोलतात. बोलू द्या.

पाट्या इंग्रजीत असतात. त्या मोठ्यानं मराठीत वाचायला एक माणूस लागतो, आणि फार्नहॅमचा गडवा त्याचाच. हा माणूस नीट निवडा. नाटकात काम केलेला नको, तो प्रत्येक पाटीला अभिनय करतो. शाळेत परिपाठ घेणारी बाई किंवा बातम्या वाचल्यासारखं वाचणारा मुलगा उत्तम. आठवडाभर आधी सगळ्या पाट्या वहीत उतरवून मराठी करा, बोलतो तशी. पाटी पडद्यावर काही सेकंदच राहते, वाक्य तेवढ्यात संपलं पाहिजे, म्हणून शब्द कापा. वाचणाऱ्यानं पडद्याच्या बाजूला बसावं, छोटा दिवा वहीपुरता, त्याला वरून पुठ्ठ्याची झापड. नाहीतर सगळे त्याच्याच तोंडाकडं बघतात.

एक पाटी मात्र वाचू नका. शहरातली बाई शेतकऱ्याला विचारते, ती बुडून नाही का मरू शकत? ती अक्षरं पडद्यावर सुटी होऊन खाली घसरायला लागतात, बुडाल्यासारखी. वाचणाऱ्यानं त्याच्या आदल्या पाटीतच अर्थ सांगून ठेवावा आणि इथं तोंड मिटावं. पुढं पुढं पाट्या कमीच होत जातात, शेवटी शेवटी वहीची गरज उरत नाही. ट्रामचा प्रवास येतो तेव्हा दिवा विझवूनच टाका.

इंटरनेटवरून थेट लावायचा विचार असेल तर सोडा. गच्चीवर वायफाय येतं आणि जातं, आणि गोल गोल फिरणारं चक्र बघायला कोणी आलेलं नसतं. चित्रपट आधी पेन ड्राइव्हवर किंवा डिस्कवर असू द्या आणि आदल्या रात्री त्याच प्रोजेक्टरवर पूर्ण लावून बघा.

जेवण

तिथं जेवण आधी होतं, इथंही आधी. सव्वासहाला पाणी मारून झालं की पानं मांडा, अजून उजेड असतो. गोळाभात, वर फोडणीचं तेल, कढी, सांबारवडी (म्हणजे कोथिंबिरीची), कैरीचं पन्हं. बस्स. आमरसाचा मोह होतो, पण दूध घातलेला रस या हवेत गच्चीवर ठेवायचा नाही. पन्हं मात्र भरपूर, चित्रपट संपेपर्यंत माठ भरलेला हवा. वर्गणी काढा, फुकट ठेवू नका. फुकट म्हटलं की येतो म्हणणारे आणि येणारे यांचा मेळ बसत नाही आणि गोळे उरतात.

दहाच्या आत साउंड बंद. पडदा लगेच गुंडाळू नका, त्याच्यावर धूळ आणि दव नाही तर घाम, काहीतरी बसलेलं असतंच. कोरड्या मऊ कापडानं पुसा, वरून खाली, मग गुंडाळा. कूलरमधलं पाणी झाडांना. खुर्च्या त्याच रात्री खाली उतरवा. सकाळी आठनंतर गच्चीवर कोण येतंय मरायला.

ज्यांना मेचा उकाडा झेपतच नाही, त्यांच्यासाठी दुसरी तारीख आहे: १० ऑक्टोबर. त्या दिवशी १९५४ मध्ये आपल्या सरकारचे पहिले चित्रपट पुरस्कार दिले गेले आणि राष्ट्रपतींचं सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला मिळालं. पाट्या वाचायला माणूस लागत नाही, अंधारही लवकर पडतो. कूलरची मात्र तिथं पंचाईत, कारण आईचं बोलणं ऐकू यायला हवं, पंख्यांवर भागवा. आणि सामान लवकर सांगा. दसरा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास आमच्याकडं एक पाइपसुद्धा शिल्लक नसतो.